लॅपटॉपचं बटण अडतं तेव्हा

इन्स्क्रिप्ट या कीबोर्डाच्या मांडणीत मराठी टाइप करणाऱ्याचं डी हे बटण बंद पडलं, तर त्याचं काम तिथेच अडतं. अक्षराचा पाय मोडायची खूण त्याच बटणावर आहे. क्ष, ज्ञ, त्र, श्र यांना आकड्यांच्या रांगेत शिफ्टसह वेगळी जागा आहे, रफारालाही आहे; पण ‘गोष्ट’ किंवा ‘शब्द’ लिहायला डी लागतोच. अशा वेळी माणूस चिडून ते बटण जोरजोरात दाबतो, मग नखाने उचकटायला जातो. तसं करू नका. आधी दोष कुठे आहे ते शोधायचं. जे करून पूर्ववत करता येतं ते आधी करायचं, आणि ज्यात काही तुटू शकतं ते अगदी शेवटी.

दोन बाबतीत मात्र शोधत बसायला वेळ नसतो. पहिली, चहा किंवा पाणी सांडलं असेल तर. चार्जर काढा, पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप ताबडतोब बंद करा, उघडून पालथा करा आणि टॉवेलवर उलट्या व्हीसारखा उभा ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका, प्लास्टिक वाकतं. तांदळाच्या डब्यातही ठेवू नका, त्याची पूड आणि कणी आत जाते. नुसतं पाणी असेल तर दोन दिवस वाळू देऊन पाहता येईल. दुधासाखरेचा चहा असेल तर तो वाळून आत चिकट थर राहतो, मुंग्या येतात आणि बारीक धातूच्या रेषा गंजतात. तो लॅपटॉप चालू न करता सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या.

दुसरी बाब बॅटरीची. मधलीच बटणं कडक झाली आहेत, टचपॅड वर आलंय, टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डगमगतो, अशी लक्षणं दिसली तर खालची बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग थांबवा, लॅपटॉप बंद करा आणि बॅटरी बदलून घ्या. ती दाबणं, टोचणं, स्वतः ओढून काढणं धोक्याचं आहे.

या दोन्ही गोष्टी नसतील तर निवांत बसा. लॅपटॉप रीस्टार्ट करा. विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केल्यावर काही भाग पुढच्या वेळेसाठी जपून ठेवलेला असतो, म्हणून इथे ‘रीस्टार्ट’च हवं. मग नोटपॅड उघडा, विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी भाषा निवडा आणि तेच बटण दाबून बघा. इंग्रजीत चालतं आणि मराठीत नाही, तर बटण ठणठणीत आहे, बिघाड भाषेच्या मांडणीत आहे. शिफ्ट आणि २ दाबल्यावर ईमेलच्या पत्त्यातल्या ‘अ‍ॅट’च्या खुणेऐवजी अवतरणचिन्ह येत असेल, तर अमेरिकेच्या जागी ब्रिटनची मांडणी निवडली गेली आहे. काही लहान जुन्या लॅपटॉपवर यू, आय, ओ दाबून ४, ५, ६ उमटतात. तिथे नम लॉक चालू राहिलेलं असतं. आणि प्रत्येक बटण बराच वेळ दाबून धरल्याशिवाय उमटत नसेल, तर ‘फिल्टर कीज’ बंद करा. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबलं गेलं की ती सोय चालू होते, आणि कोपर टेकवून बसणाऱ्याच्या हातून हे सहज घडतं.

आता खरी कसोटी. विंडोज, कंट्रोल आणि ओ ही तीन बटणं एकत्र दाबा. पडद्यावर कीबोर्ड येईल. अडलेलं बटण बोटाने दाबा. पडद्यावरचं तेच बटण चमकलं, तर संदेश आत पोचतो आहे. चमकलं नाही, तर शेजाऱ्यापाजाऱ्याकडून यूएसबीचा कीबोर्ड आणून जोडा. त्यावर तेच अक्षर नीट उमटत असेल, तर दोष लॅपटॉपच्या कीबोर्डातच आहे असं धरून चाला.

इथे आतली रचना ठाऊक असली की फार फायदा होतो. बटणांखाली प्लास्टिकचे पातळ पापुद्रे असतात आणि त्यांवर विजेच्या आडव्या-उभ्या रेषा छापलेल्या असतात. प्रत्येक बटण म्हणजे त्या रेषांची एक गाठ. एकच बटण मेलं असेल तर तिथे कचरा असण्याची आशा धरता येते. चार-पाच बटणं एकदम गेली असतील, मग ती एकमेकांपासून लांब का असेनात, तर बहुधा एक अख्खी रेष तुटली आहे किंवा कीबोर्डाला आत जोडणारी पट्टी सैल झाली आहे. अशा वेळी साफसफाईत वेळ घालवू नका.

एकच बटण असेल तर लॅपटॉप बंद करून तिरका धरा, हलकेच थोपटा, मऊ ब्रश फिरवा, हवेचा फवारा बाजूने मारा. तेवढ्याने भागलं नाही तरच बटणाची वरची टोपी काढायची. आपल्या मॉडेलची टोपी कोणत्या बाजूने निघते ते आधी पाहून घ्या. खालची कात्रीसारखी नाजूक बिजागरी चुकीच्या बाजूने ओढली की तुटते. स्पेसबार, एंटर, शिफ्ट यांना हात लावू नका, त्यांच्याखाली तारेचा आधार असतो. २०१५ ते २०१९ या काळातल्या बऱ्याच मॅकबुकमध्ये ‘बटरफ्लाय’ रचना होती, तीही घरी उचकटण्याजोगी नाही. टोपी निघाल्यावर कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. पूर्ण वाळल्यावर लॅपटॉप चालू करून मधल्या रबरी घुमटावर बोटाने अलगद दाबा. अक्षर उमटलं तर दोष टोपीचा किंवा बिजागरीचा, ती सुटी मिळू शकते. उमटलं नाही तर खालचा पापुद्रा गेला, कीबोर्ड बदला.

तोवर काम थांबवायला नको. मायक्रोसॉफ्टच्या मोफत ‘पॉवरटॉइज’मधून कॅप्स लॉकला डीचं काम देता येतं. मात्र पासवर्डात ते अक्षर असेल तर लॉगिनच्या पडद्यावर ही सोय चालत नाही. तिथे कोपऱ्यातल्या चिन्हावरून पडद्यावरचा कीबोर्ड उघडा.

बदलायला जाताना लॅपटॉपचं नेमकं मॉडेल लिहून न्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तापकीर गल्लीच्या परिसरात चौकशी करता येईल. कीबोर्ड सुटा निघतो की वरच्या पूर्ण पत्र्यासकट बदलावा लागतो, हे आधी विचारा, कारण खर्चात मोठा फरक त्यानेच पडतो. आणि काम झाल्यावर दुकानातच, कारागिरासमोर, प्रत्येक बटण एकदा साधं आणि एकदा शिफ्टसह दाबून बघा.