संघराज्य, पण न्यायालयांची शिडी एकच

भारत हे संघराज्य आहे, असे आपण राज्यशास्त्राच्या वहीत लिहून घेतो. मग न्यायालयेही केंद्राची निराळी आणि राज्याची निराळी असावीत, असे वाटणे साहजिक आहे. अमेरिकेत बहुतांशी तसे आहेही. आपल्याकडे मात्र शिडी एकच.

आमच्या अंबरनाथ पश्चिमेतील एखाद्या खोलीच्या भाड्याचा तंटा घ्या. त्याला १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा लागू, म्हणजे राज्याचा. त्याच भाडेकरूचा चेक वटला नाही, तर लागणारा कायदा १८८१ चा, केंद्राचा. एक वाद दिवाणी, दुसरा फौजदारी. तरी दोन्ही ठाणे जिल्ह्यातील न्यायालयांतून मुंबई उच्च न्यायालयाकडे आणि तेथून सर्वोच्च न्यायालयाकडे जाऊ शकतात. (हे उच्च न्यायालय गोव्याचेही आहे, हे पुष्कळांच्या लक्षात नसते.)

मात्र राज्यच वादी असेल तर? १९३७ साली दिल्लीत फेडरल कोर्ट सुरू झाले, ते मुख्यतः केंद्र आणि प्रांत यांच्यातील असले तंटे सोडविण्यासाठी. त्याच्या पहिल्या तीन न्यायमूर्तींत आपले बॅ. मुकुंदराव जयकर होते. १९५० पासून हे काम घटनेच्या कलम १३१ अन्वये सर्वोच्च न्यायालयाकडे आहे. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली तेथेच दाखल केला. त्याला वीस वर्षे उलटून गेली.

माझ्या मते खरी अडचण येथे आहे. भाडेकरूचा साक्षीपुरावा खालच्या न्यायालयात होतो आणि चूक झाल्यास वर दाद मागता येते. बेळगाव, निपाणी, कारवारच्या या दाव्याला खालची पायरीच नाही. निकालावर अपीलही नाही; फार तर पुनर्विलोकनाचा अर्ज, तोही त्याच न्यायालयापुढे.