निकामी मूत्रपिंडातील रक्तस्राव

डायलिसिस सुरू झाले की मूत्रपिंडांचा प्रश्न संपला, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः निकामी मूत्रपिंडे शरीरातच राहतात व त्यांचा रक्तपुरवठाही चालू असतो. वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे तर व्यवहार थांबले, तरी खाते बंद झालेले नसते.

माझे काका हैदराबादेत सहा वर्षांपासून आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस घेतात. त्यांच्या सोनोग्राफीत मूत्रपिंडांवर पाण्याच्या गाठी दिसल्या, तेव्हापासून मी या विषयाचे वाचन करू लागलो.

दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्यांत अशा गाठी होतात, हे ऑक्सफर्डच्या डनिल व सहकाऱ्यांनी १९७७ साली दाखविले. आठ-दहा वर्षांनंतर बहुतेक रुग्णांत त्या आढळतात. आपल्याकडे २००७ साली आरोग्यश्री योजना आली आणि गरिबांनाही डायलिसिस परवडू लागले. आयुष्य वाढले, तसे या गाठींकडे लक्ष देणेही आवश्यक झाले.

बहुतेक गाठी त्रास देत नाहीत. क्वचित एखादी फुटते व मार न लागताही मूत्रपिंडाभोवती रक्त साठते. जर्मन वैद्य वुंडरलिश यांनी १८५६ साली अशा रक्तस्रावाचे वर्णन केले. शरीराचे सामान्य तापमान ३७ अंश सेल्सिअस ठरविणारे ते हेच. डायलिसिसच्या रुग्णांत धोका अधिक असतो, कारण रक्तातील बिंबिका नीट काम करीत नाहीत, शिवाय यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेले असते.

लक्षणे फसवी असतात. पुष्कळ रुग्णांना लघवीच होत नाही. मग तीत रक्त दिसणार कोठून? रक्तदाब उतरणे तर डायलिसिसमध्ये नेहमीचेच. म्हणून 'कंबर दुखते' एवढेच सांगून भागत नाही. 'डाव्या कुशीत एकाएकी कळ आली, घाम सुटला, चक्कर येते' असे नेमके सांगावे. काका मराठी-कानडीत बोलतात, सिस्टर तेलुगूत; तेव्हा ही वाक्ये तेलुगूतही पाठ असावीत, असे आम्ही घरी ठरविले आहे.

निदान सी.टी. स्कॅनने होते. रक्त चढवून हेपॅरिन थांबवितात व पुढील डायलिसिस त्याविना करतात. रक्तस्राव न थांबल्यास जांघेतील धमनीतून बारीक नळी नेऊन फुटलेली रक्तवाहिनी बंद करतात. तेही न साधल्यास मूत्रपिंड काढतात. वेळेवर ओळखले तर जीव वाचू शकतो. ओळखण्याचा पहिला भाग मात्र रुग्णाच्या आणि घरच्यांच्याच हाती असतो.