ठळक अक्षराचा स्वभाव

वाचताना आपण शब्दाचा अर्थ पाहतो. अक्षराकडे पाहत नाही. परंतु हैदराबादेत रेल्वे स्थानकाच्या पाटीवर तेलुगू, उर्दू, हिंदी व इंग्रजी ही अक्षरे शेजारी-शेजारी दिसतात. आपल्या अंकातही मराठी व कन्नड विभाग एकाच मुखपृष्ठाखाली येतात. अशा ठिकाणी कोणते ठळक अक्षर कोणाशेजारी शोभेल, हा प्रश्न पडतोच. त्यासाठी ‘स्लॅब सेरिफ’ या रोमन वळणाचा परिचय उपयोगी आहे.

रोमन अक्षरांच्या टोकांशी असलेल्या लहान रेघांना सेरिफ म्हणतात. पुस्तकी वळणात त्या निमुळत्या असतात. स्लॅब सेरिफमध्ये त्या फरशीसारख्या सपाट आणि जवळजवळ उभ्या दांड्याइतक्या जाड असतात. हे वळण एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लंडनच्या टाईप ओतणाऱ्या कारखान्यांत निघाले. जाहिरात रस्त्यावरून जाणाऱ्यास दुरून वाचता यावी, हा हेतू. नेपोलियनच्या १७९८ च्या स्वारीनंतर युरोपात इजिप्तचे वेड पसरले होते. म्हणून या वळणास ‘इजिप्शियन’ असेही नाव पडले.

१८४५ साली रॉबर्ट बेस्ली यांच्या कारखान्याने ‘क्लॅरेंडन’ काढले. ते साध्या मजकुरातच एखादा शब्द उठून दिसावा यासाठी होते. शब्दकोशातील मूळ शब्द ठळक छापण्याची सोय त्यामुळे झाली. पुढे टंकलेखन यंत्रानेही याच पट्ट्या उचलल्या. तेथे प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते. ‘आय’सारखे अरुंद अक्षर रुंद पट्ट्यांमुळे ती जागा भरून काढते.

आता आपल्या लिप्यांकडे वळू. देवनागरीची जाड-बारीक रेघ बोरूच्या तिरप्या कापातून आली. रोमन टाकाच्या तुलनेत जाडीचा भार येथे उलट दिशेला पडतो. त्यामुळे पुस्तकी रोमन व देवनागरी एका ओळीत आली की दोन्ही एकमेकींपासून तोंड फिरवून बसल्यासारखी वाटतात. कन्नड अक्षरे ताडपत्रावर टोकदार लेखणीने कोरली जात. त्यांची रेघ मुळातच बरीचशी एकसारखी. स्लॅब सेरिफमध्ये जाड-बारीक हा भेद फारसा नसतो. म्हणून सारख्या जाडीच्या देवनागरीशी त्याचे चांगले जुळते. शिवाय त्याच्या आडव्या पट्ट्या शिरोरेषेला साथ देतात.

मात्र रोमनचा ठळकपणा देवनागरीत जसाच्या तसा आणता येत नाही. रोमन मोठ्या अक्षरांत वर-खाली मोकळी जागा असते. आपल्याकडे वर शिरोरेषा व मात्रा, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षरे. रेघ फार जाड केली की ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील भेद पुसट होतो. लहान आकारात ‘क्ष’च्या पोटात शाई भरते.

यावरून विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: स्नेहसंमेलनाच्या भित्तिपत्रकावर शीर्षक, तारीख व स्थळ एवढेच ठळक असावे. सगळेच ठळक केले तर काहीच ठळक राहत नाही. सभेत सर्वच मोठ्याने बोलू लागले की कोणाचेच ऐकू येत नाही. कागदावरही तसेच घडते.