बाटलीतली शेवंती

आमच्या वर्गात बाईंच्या टेबलावर काचेची बाटली आहे. तिच्यात फुले ठेवायचे काम माझ्याकडे आहे, कारण आमच्या विहिरीजवळ शेवंतीचे चार वाफे आहेत. आजी फुले खुडून बाजाराला पाठवते. बाजारात नुसती फुले वजनावर जातात. बाटलीसाठी मात्र लांब दांडी कापावी लागते आणि तिच्याबरोबर चार-पाच कळ्यापण जातात. म्हणून आजी दांडी तोडू देत नाही. मी फार मागे लागले तेव्हा तिने सहा दांड्या दिल्या.

शनिवारी मी त्या बाटलीत ठेवल्या. सोमवारी वर्ग उघडला तर घाण वास! पाणी हिरवट झाले होते, पाने सडली होती आणि फुलांनी माना टाकल्या होत्या. मुले नाक धरून हसली. घरी मी खरे ते सांगितले. आजी म्हणाली, "आता एकबी दांडी मिळायची न्हाई."

पण ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती. त्यांचा जन्म १८३१ साली नायगावला झाला. त्यांच्या फोटोपुढे आमचीच शेवंती असावी असे मला वाटत होते. मी बाईंना विचारले, फुले का सडली?

बाईंनी सांगितले की दांडीत केसासारख्या बारीक नळ्या असतात. त्यांतून पाणी वर चढते. पाण्यात पाने बुडाली की ती कुजतात. मग पाण्यात सूक्ष्म जंतू वाढतात आणि नळ्यांची तोंडे बुजतात. दांडी कापताना नळीत हवा शिरली तरी पाणी वर चढत नाही. म्हणजे बाटलीत पाणी असून फूल तहानलेलेच!

तेवढ्यात आमच्या शेळीने वाफ्यात शिरून तीन दांड्या मोडल्या. आजी शेळीवर ओरडली, पण मला बरेच झाले. मी तीन बाटल्या घेतल्या. पहिलीत दांडी पहिल्यासारखी पानांसकट ठेवली. दुसरीतल्या दांडीची खालची पाने काढली, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून धारदार विळ्याने तिरपी कापली आणि रोज पाणी बदलले. बोथट कात्री वापरू नये, तिने नळ्या चेंगरतात. तिसरीत बंडूच्या सांगण्यावरून एक चमचा साखर घातली आणि पाणी बदलले नाही. सगळ्या बाटल्या सावलीत ठेवल्या.

साखरेचे पाणी दुसऱ्याच दिवशी गढूळ झाले. बाई म्हणाल्या, साखर फुलाला खाऊ आहे तशी जंतूंनापण आहे. बंडूला हे पटले नाही. पहिल्या बाटलीतले फूल चौथ्या दिवशी वाकले. दुसरीतले आठव्या दिवशीसुद्धा ताठ होते. ते मी आजीला नेऊन दाखवले. तिने पाकळ्या दाबून बघितल्या, काही बोलली नाही.

२ तारखेला संध्याकाळी मात्र तिने स्वतःच पाच दांड्या कापल्या, आणि घमेलेपण तिनेच भरून ठेवले होते.

आज १० तारीख आहे. आजी रोज विचारते, "हायती का अजून?" एका फुलाच्या खालच्या पाकळ्या तपकिरी झाल्यात. पण ती दांडी मी काढली नाही, कारण शेजारची अर्धी कळी उमलते आहे.

इयत्ता ४ थी