मोहाच्या दिवसांत येणार असशील तर

बाळा, नॉर्मंडीत लोक सफरचंदाच्या बागांशेजारी मुक्काम करतात, तिथलीच सायडर आणि काल्वादोस चाखतात. तसा आपल्या यवतमाळात मोहाचा मुक्काम करायचा, ही तुझी कल्पना मला फार आवडली. फक्त बेत बाटलीभोवती आखू नकोस, झाडाभोवती आख.

तारीख आधीच पक्की करू नको. मोहाची पानं झडतात, फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस येतात, मग फुलं पडू लागतात. साधारण मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. पांढरकवड्याला फोन करून ‘मोह पडायला लागला का’ एवढं विचार आणि मगच निघ. मुक्कामही तिथंच कर. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव आहे, टिपेश्वर अभयारण्य जवळ. दोन पहाटा हाताशी ठेव. पहिली नुसती बघण्यातच जाते.

फुलं रात्री आणि पहाटे गळतात. ऊन चढलं की वेचणारे टोपल्या घेऊन घराकडं वळतात, म्हणून उजाडताना झाडाखाली असायला हवं. पण आपल्या मनानं जंगलात शिरायचं नाही. टिपेश्वरचे वाघ हद्द पाळत नाहीत. तिथला एक तरुण वाघ 2019 मध्ये चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोचला. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात 2018 पर्यंत अवनी वाघिणीच्या दहशतीत माणसं शेतात जायला भीत होती. वाकून वेचणारा माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. गावातल्या माणसाबरोबरच जा, आणि त्याचा सकाळचा रोज बुडवला आहेस हे लक्षात ठेवून पैसे दे. गोंडांच्या गावात काय, कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर काय, कुठलं झाड कोणत्या घराचं हे ठरलेलं असतं. विचारल्याशिवाय एक फूलही उचलू नको. झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करायची जुनी रीत आहे, तिच्यानंच वणवे लागतात. तू जुनी साडी नेऊन अंथर.

ताजं फूल आतले केसर काढून खा. आधी गोड लागतं, मग मागून किंचित कडवट. चार-पाच पुरेत, जास्तीनं मळमळतं. वाळलेली फुलं भाजून तिळाबरोबर कुटून केलेला लाडू मिळाला तर नाही म्हणू नको. मोहाची खरी चव मला त्यातच सापडते.

आता पिण्याचं. कुणी आपुलकीनं पेला पुढं केला, तर हात जोडून नम्रपणे नाही म्हण. मोहाची धार आधी देवाला जाते, लग्नकार्यात लागते. तिचा मान मोठा आहे. पण विनापरवाना गाळणं 1949 च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे. फुलांवरची बंधनं 2021 मध्ये सैल झाली, भट्टीवरची नाही. छापा पडला तर तू पुण्याला निघून जाशील, खटला त्या घरावर राहील. आपल्याच जिल्ह्यातल्या बायकांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढलेत, त्यांच्या दारात बसून शहरातल्या पोरांनी पेले भरावेत हे मला पटत नाही. आणि अनोळखी हातभट्टीला तर शिवूच नको. 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलनं शंभरावर माणसं गेली. मिथेनॉल ना चवीनं ओळखू येतं, ना वासानं.

गाळलेलं चाखायचंच असेल, तर गोव्याचा वेगळा बेत कर. हंगाम जवळपास हाच. काजूच्या बोंडांचा रस आंबवून एकदा गाळला की उराक, पुन्हा गाळली की फेणी. फेणीला 2009 पासून भौगोलिक मानांकन आहे, परवान्याच्या दुकानात सीलबंद मिळते. उराक हंगामापुरतीच, म्हणून मेच्या आत जा. आधी उराक घे, मग फेणी; उलट केलंस तर फेणीच्या उग्र वासापुढं उराक कळणारच नाही. गाडी चालवणाऱ्यानं त्या दिवशी नीरोवर, म्हणजे बोंडांच्या ताज्या रसावर भागवायचं.

इकडून मोहाची फुलं न्यायची असतील तर ओली पिशवीत कोंबू नको, रात्रीत आंबतात. कडक वाळून तांबूस झालेली घे, भाव पाडू नको, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, कारण पावसाळी हवेत ती लगेच सादळतात. डबा भरून झाला की फोन कर, लाडवाचं प्रमाण सांगते.