बिऱ्हाड आणि घरपण : मराठी गद्यातील भाड्याच्या खोलीचे वाचन

१. प्रास्ताविक

मराठीत राहत्या जागेसाठी अनेक शब्द आहेत. परंतु 'घर' आणि 'बिऱ्हाड' या दोन शब्दांतील अंतर आपण क्वचितच तपासून पाहतो. घर बांधले जाते, बिऱ्हाड मांडले जाते. घर विकले जाते, बिऱ्हाड हलविले जाते. 'वाड्यात पाच बिऱ्हाडे आहेत' असे म्हणताना आपण पाच खोल्या मोजत नसतो, पाच संसार मोजत असतो. म्हणजे 'बिऱ्हाड' हा शब्द जागेपेक्षा माणसांचा आणि त्यांच्या चीजवस्तूंचा वाचक आहे. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' या म्हणीला जो अर्थ प्राप्त होतो तो यामुळेच.

भाड्याच्या खोलीचा विचार आपल्या समीक्षेत प्रामुख्याने परात्मतेच्या अंगाने झालेला आहे. महानगर, एकाकी नायक आणि त्याची कोंदट खोली हे समीकरण आता इतके रूढ झाले आहे की, त्या खोलीत माणूस नेमके काय करतो हा साधा प्रश्न मागे पडतो. जागा मालकीची नसताना तिला घरपण कसे येते आणि ते येऊ देण्याचा अधिकार कोणाकडे असतो, या दोन प्रश्नांच्या आधारे काही परिचित गद्यकृतींचे पुनर्वाचन करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी मांडणी, शेजार आणि नाव या तीन घटकांचा क्रमाने विचार केला आहे.

२. मांडणी : 'स्मृतिचित्रे'

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' (चार भाग, १९३४ ते १९३७) हे आत्मचरित्र धर्मांतराच्या आणि दांपत्यजीवनाच्या संदर्भात पुष्कळ वाचले गेले आहे. ते वारंवार हलविलेल्या बिऱ्हाडांचे चरित्रही आहे, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. रेव्हरंड टिळकांच्या स्वभावात स्थैर्य नव्हते. नोकऱ्या सुटत, गावे बदलत आणि हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या गरजेपोटी निघून जाई. अशा संसारात घर टिकविण्याचे काम वस्तूंच्या संग्रहावर अवलंबून ठेवता येत नाही. ते पुन्हा पुन्हा नव्याने करावे लागते. लक्ष्मीबाईंच्या निवेदनातील विनोद या पुनरावृत्तीतूनच निर्माण होतो. गैरसोयीचा तपशील त्या तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. पुढची मांडणी करता यावी म्हणून मागची मोड त्या हसून बाजूला सारतात.

या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातील एक टप्पा विशेष महत्त्वाचा आहे. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्याजवळ राहावयास आल्या. परंतु आरंभी सोवळेओवळे सांभाळण्यासाठी त्यांनी आपली चूल वेगळी ठेवली. येथे चूल ही केवळ स्वयंपाकाची सोय राहत नाही. जागा कोणाची, भाडे कोण देतो, भिंती कोठे आहेत, या सर्वांहून चुलीची हद्द अधिक निर्णायक ठरते. पुढे ती हद्द त्यांनी स्वतःच पुसून टाकली, तेव्हा घराचाच अर्थ बदलला. यावरून एक गोष्ट ध्यानात येते : घरपण मांडणीतून येत असले, तरी मांडणी ही नेहमी निरागस नसते. आत कोणाला घ्यावयाचे आणि बाहेर कोणाला ठेवावयाचे, याचा निर्णय तीत अंतर्भूत असतो.

३. शेजार : चाळ आणि तिचा कायदेशीर आधार

पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) या पुस्तकाकडे विनोदी व्यक्तिचित्रांचा संग्रह म्हणून पाहण्याची सवय आहे. त्यातील 'गच्चीसह झालीच पाहिजे' हे प्रकरण येथे उपयुक्त ठरते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचे विडंबन हे त्याचे उघड प्रयोजन होय. पण विडंबनाखाली एक खरा दावा दडलेला आहे. चाळकऱ्यांना मालकी नको आहे, गच्ची हवी आहे. खोली अपुरी असल्यामुळे घराचा उरलेला भाग त्यांना सामाईक जागेत शोधावा लागतो. गॅलरी, जिना, नळ आणि गच्ची ही चाळीच्या घराची खरी दालने होत. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'तील (१९६५) तरुणांचा नाका हाही याच तर्काचा विस्तार मानता येईल. घरात ज्यांना बसावयास जागा नाही, त्यांची बैठक रस्त्यावर भरते. फरक इतकाच की, पुलंच्या चाळीत सामाईक जागा सभ्य मंडळे जन्माला घालते, तर पाध्यांच्या नाक्यावर त्या सभ्यतेचा मुखवटाच गळून पडतो.

चाळीच्या या घरपणामागे भावनेइतकाच कायदाही उभा आहे, हे साहित्याच्या अभ्यासकांनी विसरता कामा नये. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे ठरविताना १ सप्टेंबर १९४० ही तारीख आधारभूत धरली. भाडेकरूच्या निधनानंतर त्याच्यासमवेत राहणाऱ्या कुटुंबीयास भाडेकरूचे स्थान मिळण्याची तरतूदही त्यात होती. परिणामी भाड्याची खोली पिढीजात झाली. त्याच वेळी गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती करण्याचे मालकाला कारण उरले नाही आणि इमारती खचत गेल्या. 'बटाट्याची चाळ'च्या अखेरच्या चिंतनात हास्य मावळून जो खिन्न सूर लागतो, त्याला या दुहेरी वस्तुस्थितीची पार्श्वभूमी आहे. ज्या व्यवस्थेने खोलीला घर बनविले, तिनेच त्या घराच्या पडझडीलाही हातभार लावला.

मात्र या स्मरणरंजनाला एक मर्यादा आहे. बटाट्याची चाळ ही मुख्यतः पांढरपेशांची चाळ आहे. तेथील शेजाराचे चित्र समग्र मुंबईच्या चाळजीवनाचे चित्र म्हणून स्वीकारणे योग्य होणार नाही. दया पवार यांच्या 'बलुतं'मधील (१९७८) कावाखाना या संदर्भात तुलनेस घ्यावा. तेथेही दाटी आहे, शेजार आहे. पण एकाच खोलीत पोटभाडेकरूंसह अनेक बिऱ्हाडे आडोशाने विभागलेली आहेत. पुलंच्या चाळीत खाजगीपणाचा अभाव हा विनोदाचा विषय होतो. कावाखान्यात तोच अभाव बालमनावरील ओरखडा होतो. तरीही पवारांचा निवेदक त्या जागेला परकी म्हणून झटकून टाकत नाही. तिच्याविषयीची लाज आणि तिच्याशी असलेले नाते ही दोन्ही एकाच वाक्यरचनेत सांभाळणे, हे 'बलुतं'च्या शैलीचे बळ आहे.

४. नाव : खोली मिळण्याची अट

येथवर आपण खोली मिळाल्यानंतरचा विचार केला. पण खोली मिळणे हीच अनेकांच्या बाबतीत पहिली कसोटी असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या इंग्रजी लेखनात १९१७ मधील बडोद्याचा अनुभव नोंदविला आहे. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन ते संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी आले होते. हिंदूंच्या ठिकाणी आसरा मिळणार नाही हे जाणून त्यांनी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून, दिवसाला दीड रुपया देऊन वास्तव्य केले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली.

या वृत्तान्तात एकाकी आणि अंधाऱ्या जागेचे वर्णन आहे. केवळ तेवढेच वाचले तर आधुनिक नायकाच्या खोलीशी त्याचे साम्य भासेल. परंतु ते फसवे आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या 'बिढार'चा (१९७५) नायक चांगदेव पाटील हा चतुष्टयाच्या पुढील कादंबऱ्यांत प्राध्यापकीच्या निमित्ताने गावोगाव बिऱ्हाड हलवीत राहतो. मुक्काम कोठेच कायम न होणे हे त्याचे दुःख आहे, आणि कादंबरीच्या शीर्षकातच ते सामावलेले आहे. पण त्या दुःखाला एक गृहीत आहे : पुढच्या गावी आपल्या स्वतःच्या नावाने राहता येईल. बडोद्याच्या खोलीत नेमके तेच गृहीत नाही. तेथे भाडे दिले जाते, नियम पाळले जातात. तरीही नाव उघड होताच सर्व व्यवहार रद्द होतो. एकाला कोणतेही घर आपले वाटत नाही. दुसऱ्याला कोणतेही घर आपले म्हणू दिले जात नाही. या दोन्ही अवस्थांना 'परात्मता' हे एकच नाव देणे म्हणजे त्यांतील सामाजिक अंतर पुसून टाकणे होय.

याच्या उलट बाजूही पाहिली पाहिजे. मुंबईत परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत आंबेडकरांनी अनेक वर्षे वास्तव्य केले. तेथे त्यांना नाव लपवावे लागले नाही. दादरला 'राजगृह' उभे राहण्यापूर्वीचा त्यांच्या अभ्यासाचा आणि सार्वजनिक कार्याचा मोठा काळ या चाळीत गेला. म्हणजे घरपणाला ऐसपैस जागा अपरिहार्य नाही. स्वतःच्या नावाने दार उघडता येणे अपरिहार्य आहे.

५. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतील. पहिला, मराठी गद्यातील भाड्याची खोली ही केवळ नायकाच्या मनःस्थितीचे प्रतीक नाही. ती मांडणीच्या श्रमाची जागा आहे, आणि 'स्मृतिचित्रे'सारख्या कृतीत तो श्रम प्रामुख्याने स्त्रीचा आहे. दुसरा, चाळीचे घरपण हे शेजारधर्माइतकेच भाडेकायद्याचे अपत्य आहे. तिसरा, घरपणाची चर्चा नावाच्या, म्हणजेच जातीच्या प्रश्नापासून अलग करता येत नाही.

१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. आज शहरात नव्याने येणाऱ्या माणसाच्या वाट्याला पिढीजात खोलीऐवजी बहुधा अकरा महिन्यांचा करार येतो. भिंतीला खिळा ठोकण्यापूर्वीही ज्याला मालकाची परवानगी आठवते, त्याचे बिऱ्हाड मराठी कथेत कसे अवतरते, हा पदव्युत्तर अभ्यासकांनी हाती घ्यावा असा विषय आहे. त्या वाचनात खोलीचे क्षेत्रफळ आणि नायकाचा एकाकीपणा यांची नोंद अवश्य घ्यावी. मात्र तत्पूर्वी चूल कोणी मांडली, शेजार कोणाचा होता आणि दारावर कोणाचे नाव लिहू दिले गेले, हे विचारावे.