लिनक्स बसत नाही तेव्हा : कारणाचा शोध

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चे नियमित सुरक्षा-सहाय्य संपले. त्यामुळे चालू स्थितीतील अनेक डेस्कटॉप संगणक बाद ठरत आहेत. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेली, विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली अशा यंत्रांना पुढील काही वर्षे विद्यार्थ्यांच्या उपयोगी ठेवू शकते. परंतु ती बसविण्याचा पहिला प्रयत्न फसला की ‘संगणकच खराब आहे’ असा निकाल दिला जातो, यंत्र भंगारात जाते आणि एखाद्या विद्यार्थ्याचे अभ्यासाचे साधन हिरावते. दुःख आहे, त्याला कारण आहे, त्याचा निरोध शक्य आहे आणि निरोधाचा मार्ग आहे, ही तथागतांनी दिलेली विचारपद्धती येथेही मार्गदर्शक ठरते.

आरंभी संगणकातील जुन्या माहितीची प्रत अन्यत्र सुरक्षित ठेवावी. मग काम नेमके कोणत्या टप्प्यावर अडते, ते पाहावे.

पहिला टप्पा : पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरूच होत नाही. उतरवलेली आयएसओ फाइल अपूर्ण असू शकते. संकेतस्थळावर दिलेल्या चेकसमशी ती ताडून पाहावी. ही फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करणे सहसा पुरेसे नसते. ‘रुफस’सारख्या साधनाने ती लिहावी लागते. बायोसमधील बूट क्रमात पेनड्राइव्ह प्रथम ठेवावा. फार जुना प्रोसेसर ३२-बिट असल्यास त्यावर ६४-बिट प्रणाली चालणार नाही. उबुंटूने २०१७ मध्ये ३२-बिट डेस्कटॉप आवृत्ती थांबवली. डेबियन १२ मात्र ३२-बिटमध्येही मिळते.

दुसरा टप्पा : काम मध्येच थांबते. पडदा काळा राहिल्यास उबुंटूच्या आरंभीच्या यादीतील ‘सेफ ग्राफिक्स’ हा पर्याय निवडावा. दर वेळी निराळ्या ठिकाणी अडत असेल, तर रॅमविषयी शंका घ्यावी. वीजजोडणी काढून रॅमची पट्टी पुन्हा नीट बसवावी आणि ‘मेमटेस्ट’ने तपासावी. हार्ड डिस्कचे आरोग्य स्मार्ट चाचणीतून कळते. डिस्क दिसतच नसेल, तर तिची तार आणि बायोसमधील साटा पद्धत पाहावी. ‘रेड’ऐवजी ‘एएचसीआय’ निवडल्यास ती बहुधा दिसू लागते. मात्र त्याच डिस्कवर विंडोज ठेवायचे असेल, तर या बदलाने ते सुरू न होण्याचा संभव असतो.

तिसरा टप्पा : लिनक्स बसते, पण संगणक पुन्हा सुरू होत नाही. प्रथम पेनड्राइव्ह काढून बूट क्रमात डिस्क पुढे आणावी. पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने सुरू झाला आणि यंत्र जुन्या ‘लेगसी’ पद्धतीवर ठेवले असेल, तर लिनक्स सापडत नाही. दोन्हीकडे एकच पद्धत हवी. काही दिवस नीट चाललेले यंत्र अचानक अडले आणि त्याची तारीखही मागे गेली असेल, तर मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा छोटा सेल संपलेला असतो. तो संपला की बायोसमधील बदल पुसले जातात. अनेक ‘मृत’ संगणक एवढ्याशा सेलने पुन्हा सुरू होतात.

एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम वहीत लिहावा. चार बदल एकदम केले, तर यश आले तरी कारण अज्ञातच राहते.

माजी विद्यार्थी आणि पालक शाळेला जुना संगणक दान देतील, तेव्हा त्यासोबत अशी वहीही द्यावी. पुढच्या बिघाडाच्या वेळी विद्यार्थ्यांना त्यावरून स्वतःच कारण शोधता येईल.